ओबामाकेअर मागच्या दाराने आलेला नाही

परवा रात्री वहिनींचा फोन आला. दादाचा जॉब गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून घर कोब्रावर, म्हणजे जॉब गेल्यावरही जुन्या कंपनीचा इन्शुरन्स काही काळ चालू ठेवायच्या सोयीवर आहे आणि ते सप्टेंबरात संपतंय. पुढे मार्केटप्लेसवरून, म्हणजे ओबामाकेअर या 2010 च्या आरोग्यविमा कायद्याने उभ्या केलेल्या बाजारातून, इन्शुरन्स घ्यायचा हे केव्हाच ठरलं होतं. आता वहिनी म्हणतात, "भाऊजी, तो कायदा फसवून केलेला आहे म्हणे. कधीही रद्द होईल. मग पैसे कशाला अडकवायचे?" दादाला मधुमेह आहे, रोज इन्सुलिन लागतं. अशा घरात हा प्रश्न एका फॉरवर्डमुळे यावा, याचा मला संताप आला.

तो फॉरवर्ड इथे अमेरिकेतल्या निम्म्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्याचं सगळं म्हणणं एका वाक्यावर उभं आहे: "सिनेटमध्ये 60 मतं नव्हती, म्हणून डेमोक्रॅट्सनी रिकन्सिलिएशन नावाची पळवाट शोधून 51 मतांत ओबामाकेअर घुसवला."

रिकन्सिलिएशन म्हणजे बजेटशी संबंधित बिल सिनेटमध्ये साध्या बहुमताने मंजूर करायची खास वाट. ओबामाकेअर तिथून आला हे धादांत खोटं. सिनेटच्या नोंदींत 2009 सालचं मतदान क्रमांक 396 उघडून बघा. 24 डिसेंबर, 60 विरुद्ध 39. कोणत्या सिनेटरने काय मत दिलं, तेही नावानिशी आहे. चर्चा थांबवायला लागतात ती 60 मतंही त्याआधी रीतसर पडली होती. तेच बिल, अक्षरही न बदलता, संसदेच्या दुसऱ्या सभागृहाने, म्हणजे हाउसने, 21 मार्च 2010 ला 219 विरुद्ध 212 ने मंजूर केलं आणि 23 तारखेला ओबामांची सही झाली. झाला कायदा. रिकन्सिलिएशनचा यात कुठेही संबंध आलेला नाही.

तो आला नंतर. डेमोक्रॅट सिनेटर टेड केनेडींच्या निधनाने रिकामी झालेली मॅसॅच्युसेट्सची जागा जानेवारी 2010 मध्ये रिपब्लिकन स्कॉट ब्राउन यांनी जिंकली आणि डेमोक्रॅट्सचं साठावं मत गेलं. हाउसला सिनेटच्या बिलात काही दुरुस्त्या हव्या होत्या, त्या आता अडल्या असत्या. म्हणून तेवढ्या दुरुस्त्यांचं वेगळं बिल रिकन्सिलिएशनने नेलं. 25 मार्चला सिनेटमध्ये ते 56 विरुद्ध 43 ने मंजूर झालं. आकडा कमी पडला म्हणून ही वाट धरली, हे खरं आहे, आणि एकाही रिपब्लिकन सिनेटरचं मत मिळालं नाही हेही खरं. पण डेमोक्रॅट सिनेटर बेन नेल्सन यांचं मत मिळवायला त्यांच्या नेब्रास्का राज्याला मेडिकेडची (गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याची) जी खास सवलत दिली होती, ती काढून टाकली याच बिलाने. ज्या सौद्यावरून देशभर बोंब झाली, तो या 'पळवाटे'नेच रद्द झाला.

"आरोग्याच्या बाबतीत असं कधीच झालं नव्हतं" हा पुढचा दावा. वहिनी, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलंय ते कोब्राचं पत्र काढा. त्या COBRA नावातला 'आर' म्हणजे रिकन्सिलिएशन. जॉब गेल्यावरही दादा जुन्या कंपनीच्या ग्रुप प्लॅनवर 18 महिने राहू शकला, ते ज्या कायद्यामुळे, तो याच वाटेने आला आणि त्यावर एप्रिल 1986 मध्ये सही केली रिपब्लिकन रेगन यांनी. मुलांच्या इन्शुरन्सची चिप योजना 1997 मध्ये अशीच आली. ही वाट 1974 च्या बजेट कायद्यात लिहिलेली आहे. सिनेटमधली चर्चा 20 तासांत संपते, म्हणून बिल अडवून धरता येत नाही. पण बजेटशी संबंध नसलेलं कलम गळून पडतं. 2010 मध्येही विद्यार्थ्यांच्या पेल ग्रँटची दोन छोटी कलमं अशी उडाली आणि हाउसला पुन्हा मतदान घ्यावं लागलं.

आणि ओबामाकेअर मोडायला 2017 मध्ये रिपब्लिकनांनी कोणती वाट धरली? हीच. त्यांच्याच पक्षाचे सिनेटर मॅकेन यांनी अंगठा खाली करून विरोधात मत दिलं आणि ते बिल 49 विरुद्ध 51 ने पडलं. जुलै 2025 मधली मेडिकेडची कपातही अशीच, उपाध्यक्ष व्हॅन्स यांच्या निर्णायक मताने 51 विरुद्ध 50. तेव्हा हा फॉरवर्ड लिहिणारे कुठे होते?

फॉरवर्डमधलं बाकीचं पटकन. "खासदारांनी स्वतःला वगळलं": उलट, त्यांनी एक्स्चेंजवरूनच (म्हणजे मार्केटप्लेसवरूनच) प्लॅन घ्यावा असं कलम कायद्यात आहे. "म्हाताऱ्यांसाठी मृत्यूसमिती": आजार वाढला तर काय उपचार हवेत यावर रुग्णाने स्वेच्छेने डॉक्टरशी बोलायचं, त्याची फी मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने द्यायची, एवढीच तरतूद एका मसुद्यात होती, आणि अंतिम कायद्यात तीही नाही. "बिल मंजूर करा, मग कळेल त्यात काय आहे" हे हाउसच्या तेव्हाच्या अध्यक्ष पेलोसी बोलल्या होत्या आणि ते बोलणं चुकलंच, पण सिनेटचं बिल तोवर अडीच महिने सगळ्यांसमोर होतं. "आवडतो तो प्लॅन ठेवता येईल" हे ओबामांचं वचन मात्र खरोखरच खोटं ठरलं. 2013 मध्ये लाखो लोकांना प्लॅन रद्द झाल्याची पत्रं आली. एवढं एक फॉरवर्डवाल्यांचं बरोबर आहे.

राहिला वहिनींचा प्रश्न. हा कायदा सुप्रीम कोर्टात 2012, 2015 आणि 2021 मध्ये टिकला आहे. हप्त्यावरची वाढीव सरकारी सबसिडी 2025 अखेर संपली, त्यामुळे हप्ता जड जाईल, ते मी लपवत नाही. पण मधुमेहावरून दादाला कोणी नाकारू शकत नाही किंवा जास्त पैसे मागू शकत नाही, तेही याच कायद्यामुळे. कोब्रा संपल्यावर नवा प्लॅन घ्यायला 60 दिवसांची मुदत असते. मध्ये एक दिवसही खंड पडायला नको, म्हणून अर्ज आधीच करू. शनिवारी मी लॅपटॉप घेऊन येतो. मागच्या वर्षीचा टॅक्स रिटर्न आणि कोब्राचं ते पत्र काढून ठेवा.