मॅनेजरला नारळ दिला, पण टीम ज्यांनी बांधली त्यांचं काय?

परत तेच केलं यांनी. आमच्या फुटबॉल क्लबचा सीझन धड निम्मासुद्धा झालेला नाही, रात्री मॅच हरलो आणि सकाळी उठून बघतो तर मॅनेजरला काढल्याचं स्टेटमेंट, त्यात आभार, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा आणि नवीन मॅनेजरचा शोध सुरू झालाय एवढंच. ही टीम कोणी बांधली, डिफेन्सिव्ह मिडफिल्डर (डिफेन्सच्या पुढे राहून अटॅक अडवणारा) नाही म्हणून मागचा सगळा सीझन आम्ही बोंबलत होतो तरी उन्हाळ्याच्या ट्रान्सफर विंडोत (खेळाडू घ्यायच्या-विकायच्या मुदतीत) परत दोन विंगर, म्हणजे कडेने धावणारे अटॅकर, का घेतले, त्यावर कोणाची सही होती, याबद्दल एक अक्षर नाही. डोकं फिरलंय माझं, खरंच.

आणि हे मी मॅनेजरचा भक्त म्हणून बोलत नाहीये. चुका होत्या त्यांच्या, ७० व्या मिनिटापर्यंत सब्स्टिट्यूशनच करायचे नाहीत, स्लो सेंटर बॅक (मधले डिफेंडर) असताना डिफेन्सची लाइन वर ठेवायचे, सगळं मान्य. पण ते स्लो सेंटर बॅक त्यांनी मागितले होते का? आणि मॅनेजरला तरी क्लबमध्ये आणलं कोणी? स्पोर्टिंग डायरेक्टरने, म्हणजे खेळाडू आणि मॅनेजर निवडणाऱ्या क्लबच्या अधिकाऱ्याने. आता पुढचा मॅनेजर कोण आणणार? तोच स्पोर्टिंग डायरेक्टर, त्याच ऑफिसात बसून. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दर वर्षी.

मँचेस्टर युनायटेडचं बघा, त्यांच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, सगळं आहे. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे मॅनेजर टेन हाग एफए कप जिंकले, तरी बोर्डाने आधी दुसरे मॅनेजर चाचपून बघितले, मग विचार बदलला आणि जुलैमध्ये त्यांचाच करार वाढवला, २० कोटी पाउंडांच्या आसपास खर्च करून खेळाडू घेतले आणि २८ ऑक्टोबरला त्यांना घरी पाठवलं. अरे मग जुलैमध्ये तुम्ही काय बघून सही केली होती? ते आणि त्यांचा स्टाफ यांना काढायलाच एक कोटी पाउंडांच्या वर गेले, मग नवीन मॅनेजर अमोरिमना पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून सोडवून आणायला परत तेवढेच. अमोरिम स्वतः सांगत होते की मला सीझन संपल्यावर येऊ द्या, पण क्लबचं म्हणणं आत्ताच ये नाहीतर विसर. माणूस तीन सेंटर बॅक आणि विंग बॅक घेऊन खेळणारा, टीम बांधलेली चार डिफेंडरवाली, प्री-सीझन नाही, आठवड्यात दोन दोन मॅचेस. शेवटी युनायटेड १५ व्या नंबरवर. आणि टोमणे कोणाला बसले? अमोरिमनाच.

सीझनच्या मध्ये नवीन माणूस येतो तेव्हा नक्की काय होतं हे या मालक लोकांना कळत नाही की कळून घ्यायचंच नाही? मॅनेजर एकटा जात नाही ना. त्याच्याबरोबर असिस्टंट जातात, बऱ्याचदा फिटनेस कोच आणि सेट पीसवाला (कॉर्नर, फ्री किक शिकवणारा) पण जातो, नवीन माणूस आपली टोळी घेऊन येतो, त्यांना खेळाडूंची नावं पाठ होईपर्यंत चार मॅचेस गेलेल्या असतात. प्री-सीझनमध्ये पाच-सहा आठवडे मिळतात, प्रेसिंग कधी करायचं, बॉल गेला की कोणी मागे यायचं, हे तिथे घोटून घेतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुठून आणणार ते आठवडे? मॅचच्या दुसऱ्या दिवशी रिकव्हरी, आदल्या दिवशी हलका सराव, मध्ये एखादा दिवस उरला तर उरला. विंडो बंद, जानेवारीत उघडणार, आणि जानेवारीत रेलिगेशनच्या (खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या) तोंडावर असलेल्या क्लबला चांगला खेळाडू कोण विकतो? विकला तरी दुप्पट भाव लावून. म्हणजे नवीन माणसाला तेच अकरा जण घेऊन लढायचंय आणि आपण त्याच्याकडून चमत्काराची वाट बघत बसायचं.

मग कोणीतरी येऊन सांगतं की नवीन मॅनेजर आला की बाउन्स मिळतो, टीम एकदम उसळी मारते. मिळतो ना, दोन-तीन मॅचेस मिळतो. पण ज्या क्लबची सलग वाईट वेळ चालू असते त्याची कधीतरी थोडी सुधारणा होणारच असते, मॅनेजर बदला नाहीतर ठेवा. बास टेर वेल नावाच्या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचा १९८६ ते २००४ चा डेटा घेऊन हेच तपासलं होतं, एका बाजूला मॅनेजर काढलेले क्लब आणि दुसऱ्या बाजूला तितकेच घसरलेले पण मॅनेजर ठेवलेले क्लब, आणि सुधारणा दोन्हीकडे सारखीच निघाली. हे २०११ ला छापून आलंय, लपलेलं नाहीये. लाखोंनी पगार घेणारे डेटावाले प्रत्येक क्लबमध्ये आहेत, त्यातल्या एकानेही बोर्डाला हे दाखवलं नसेल?

उदाहरणं तरी किती द्यायची. डर्बी काउंटीने २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बिली डेव्हिसना घालवून पॉल ज्यूएल आणले, त्या सीझनमध्ये ज्यूएलना लीगची एकही मॅच जिंकता आली नाही, पूर्ण सीझनचे पॉइंट ११. वॉटफर्डने २०१९-२० मध्ये हावी ग्रासिया घालवले, किके सांचेझ फ्लोरेस परत आणले, त्यांना पण घालवलं, मग नायजल पिअरसनना फक्त दोन मॅचेस उरलेल्या असताना काढलं आणि खाली गेले ते गेलेच. पुढच्या सीझनला वर आले, मग परत तीन मॅनेजर वापरले आणि परत खाली. लीड्सने २०२३ च्या मे महिन्यात शेवटच्या चार मॅचेससाठी सॅम अ‍ॅलरडाइसना बोलावलं, चार मॅचेस, आणि तेही रेलिगेट. नॉटिंगहॅम फॉरेस्टने पोस्टेकोग्लूंना २०२५ मध्ये ३९ दिवस दिले, मॅच संपून लोक सीटवरून उठतायत तोवर बातमी बाहेर. ३९ दिवसांत टीम उभी राहील असं समजणाऱ्या लोकांच्या हातात क्लब आहेत, याचाच संताप येतो.

मला सगळ्यात जास्त लागलेलं मात्र लेस्टरचे मॅनेजर रानिएरींचं. २०१६ मध्ये लेस्टरला लीग जिंकून दिली, सट्ट्यात ५००० ला १ असा भाव लागलेला क्लब, आणि २३ फेब्रुवारी २०१७ ला काढलं, सेव्हियामधल्या चॅम्पियन्स लीग मॅचच्या दुसऱ्याच दिवशी. २०१६ च्या उन्हाळ्यात लेस्टरचा मिडफिल्डर कांते चेल्सीला गेला होता. आख्ख्या मिडफिल्डचं इंजिन गेलं, त्याच्या जागी तसा माणूस आला नाही, कांते तिकडे चेल्सीबरोबर परत चॅम्पियन झाला आणि इकडे शिक्षा रानिएरींना! मग त्यांचे असिस्टंट क्रेग शेक्सपिअर आले, १२ व्या नंबरवर संपवलं, जूनमध्ये तीन वर्षांचा करार मिळाला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनाही काढलं. काय बोलायचं यावर?

मध्येच मॅनेजर बदलून फायदा झाला म्हणून डी मात्तेओंचं नाव घेतात, हो, माहितीये मला. मार्च २०१२ मध्ये चेल्सीत मध्येच जबाबदारी घेतली आणि मे महिन्यात म्युनिकला चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच डी मात्तेओंना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काढलं, हे पण सांगत जा ना बरोबर. तुखेल २०२१ ला जानेवारीत चेल्सीत येऊन तीच ट्रॉफी जिंकले, बरोबर, पण तो स्क्वॉड टेबलच्या तळाला रडणाऱ्या क्लबचा नव्हता. एमरींचं उदाहरण मला पटतं, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये अ‍ॅस्टन व्हिलात आले तेव्हा टीम रेलिगेशनच्या जवळ होती आणि त्यांनी सातव्या नंबरवर नेऊन ठेवली. पण व्हिलाने त्यांच्या हातात क्लबची दिशा दिली, पुढे खेळाडू निवडायला त्यांचा जुना माणूस मोन्ची आणला, खेळाडू कसले हवेत ते एमरींना विचारून ठरायला लागलं. आमच्याकडे मॅनेजरला कोणी विचारत नाही, त्याला फक्त पत्रकारांसमोर बसवतात.

आणि मॅनेजरला वेळ देऊन थांबण्याबद्दल बोलायचं तर फर्ग्युसन पण मँचेस्टर युनायटेडमध्ये नोव्हेंबरमध्येच आले होते, १९८६, टीम तळाजवळ. पहिली ट्रॉफी १९९० ला. मधल्या एका सीझनला ११ वा, पुढच्या वर्षी १३ वा. आज ११ वा नंबर आला असता तर पुढच्या प्री-सीझनपर्यंत तरी टिकले असते का? आर्सेनल २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या तीन मॅचेस एकही गोल न करता हरलं, टेबलमध्ये शेवटी होतं, त्याआधी दोनदा आठवा नंबर, लोक मॅनेजर आर्तेताच्या नावाने शंख करत होते, बोर्ड हललं नाही आणि पुढे सलग तीन वर्षं दुसरा नंबर. म्हणजे जमतं. मालकाला माहीत असावं लागतं की आपण काय बांधतोय.

आता आमच्याकडे केअरटेकर, म्हणजे तात्पुरता मॅनेजर, येईल, एक मॅच जिंकेल, सगळे नाचतील, मग कोणीतरी मोठ्या नावाचा येईल आणि मार्चमध्ये परत आपण खालच्या तिघांत. माझी एकच मागणी आहे, नवीन मॅनेजरच्या पहिल्या पत्रकार परिषदेत त्याच्या शेजारी मालक आणि स्पोर्टिंग डायरेक्टर दोघांनाही बसवा आणि पहिले प्रश्न त्यांना विचारा. गेल्या तीन विंडोजमध्ये आलेला प्रत्येक खेळाडू कोणी निवडला, मॅनेजर त्याला हो म्हणाला होता का नाही, आणि हा नवीन माणूस फसला तर तुमच्यापैकी राजीनामा कोण देणार, नाव सांगा.