काडी लावणंच सोपं करून ठेवलंय

दर फेब्रुवारी-मार्चला तेच! गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या डोंगरांवर काजूच्या बागायतीत सुकलं गवत पेटवायचं, कारण पडलेल्या बिया पाचोळ्यात सापडत नाहीत. शेतात भात कापून झालं की खुंटांनाही काडी. वारा फिरला की धूर थेट घरात, म्हाताऱ्या माणसांच्या छातीत. मार्च २०२३ मध्ये इथलं म्हादई अभयारण्य दिवसेंदिवस जळत होतं, हेलिकॉप्टरने पाणी ओतावं लागलं. तरी आपलं तेच चालू.

आणि नुसतं शेतकऱ्याला शिव्या घालणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो. गवत कापायला माणूस मिळतो कुठे? मिळाला तर त्याची मजुरी काजूच्या दरातून सुटत नाही. पूर्वी पेंढा गुरांना जायचा. आता गोठेच ओस पडलेत. एक टन पेंढा जाळला की साधारण ५.५ किलो नत्र धुरात जातं, आणि मग आपणच युरियाची पोती आणतो!

उपाय आहेत हो. कापलेलं गवत काजूच्या बुंध्याशी पसरलं तर ओल टिकते. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं कुजवणारं द्रावण ओल्या जमिनीत २०-२५ दिवसांत खुंट कुजवतं. सरद म्हणजे पावसाळी भात आणि वायंगण म्हणजे त्यानंतरचं रब्बी भात, यांच्या मधे तेवढे दिवस काढता येतात. पण गवत कापायचं यंत्र गावात भाड्याने तरी मिळू दे! पंचायतीने ते जानेवारीच्या आधी द्यावं. रान जळून गेल्यावर मे महिन्यात मंजूर झालेला अर्ज काय कामाचा?