‘निम्मं तांबं’ म्हणणाऱ्या जाणकारांस

स्वातंत्र्याच्या चांदीच्या नाण्यांवर मी जो लेख लिहिला, त्यावर नागपूरच्या एका वाचकांची लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. वेळ काढून वाचलंत, लिहिलंत, आभार. खाली नाव नाही, ‘एक जाणकार’ एवढंच आहे. आमच्याकडे जाणकार हे दुसऱ्यानं म्हणायचं असतं. असो.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९४७ चा रुपया मी चांदीचा लिहिला, तो चांदीचा नाही. माझ्या फोटोतलं १९७२ चं नाणं घासून गुळगुळीत झालंय, असं नाणं कोणता संग्राहक दाखवतो? लेखाखाली मी जास्तीचे नग विकायला ठेवले आणि दर लावला चांदीच्या भावाच्या तिप्पट, हे लेखात सांगायला हवं होतं. आणि मधोमध हे वाक्य, जसंच्या तसं: ‘निम्म्या तांब्याला चांदी म्हणून खपवणं ही भोळ्या खेडुतांची फसवणूक आहे.’

आधी १९४७ चं. बरोबर आहे तुमचं. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक घरात पडलं होतं, ते काल रात्री रुपयाजवळ नेलं तर रुपया टुणकन जाऊन चिकटला. चांदी चिकटत नाही, निकेल चिकटतं. महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून इंग्रज सरकारनं नाण्यांतली चांदी काढून निकेल आणलं होतं. त्यामुळं त्या रुपयावर एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ, आणि चांदी शून्य. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक ती चूक, ती मान्य करायला मला जड जात नाही.

पण ‘फसवणूक’?

हिशेबच करू. आपल्या आज्या ज्याला डोळे मिटून चांदीचा म्हणायच्या तो कलदार, व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा रुपया, एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. आता स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७२ साली काढलेलं दहा रुपयांचं नाणं घ्या. वजन २२.५ ग्रॅम, निम्मी चांदी, म्हणजे ११.२५ ग्रॅम. १९९७ चं पन्नास वर्षांचं, पन्नास रुपयांचं नाणंही त्याच वजनाचं, तेवढ्याच चांदीचं. म्हणजे तुम्ही ज्याला तांबं म्हणता त्यात राणीच्या रुपयापेक्षा अर्धा ग्रॅम चांदी जास्तच आहे. राणीचा रुपया चांदीचा आणि आपल्या स्वातंत्र्याचा तांब्याचा, हा कुठला न्याय? कुणी म्हणेल, १९६९ चं गांधीजींच्या शताब्दीचं दहा रुपयांचं नाणं पंधराच ग्रॅमचं होतं, पण ऐंशी टक्के, म्हणजे बारा ग्रॅम चांदीचं. तीन वर्षांत वजन वाढलं आणि चांदी घटली. घटली, कबूल. मी कधी नाही म्हटलं?

आणि ‘निम्मं तांबं’ हेही चुकीचंच. २८ मे २०२३ ला नव्या संसद भवनाचं पंचाहत्तर रुपयांचं नाणं निघालं, ३५ ग्रॅमचं. पन्नास टक्के चांदी, चाळीस टक्के तांबं, पाच निकेल, पाच जस्त, असं राजपत्रातच छापलंय. चाळीसला निम्मं म्हणतात का नागपुरात? आणि हे फसवणूक असेल तर पत्र मला कशाला, दिल्लीला लिहा.

फसवणूक काय असते हे मला सांगू नका साहेब. माझे बाबा आर्वीकडच्या एका जिनवर, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यावर, मापाडी होते. गाडी काट्यावर चढली की ओलावा म्हणून कट्टी, म्हणजे वजनात कपात, कवडी, म्हणजे खराब कापूस, म्हणून कट्टी, आणि शेतकरी हात जोडून उभा. बाबा घरी येऊन जेवत नसत, असे दिवस पाहिलेत मी. त्या माणसाच्या पोरानं खेडुतांना फसवलं असं तुम्ही चार ओळींत लिहून मोकळे होता.

ते १९७२ चं नाणंही बाबांचंच. जिनच्या मालकानं लक्ष्मीपूजनाला काट्यावरच्या सगळ्यांना एकेक दिलं होतं. दरवर्षी दिवाळीत माय ते चिंच आणि चुलीच्या राखेनं घासायची, पाटावर हळदीकुंकू वाहायची आणि परत डाळीच्या डब्यात ठेवायची. म्हणून त्यावरच्या झेंडेवाल्या दोघांची तोंडं सपाट झाली, मागचं संसद भवन तेवढं ओळखू येतं. नाणं घासू नये हे मला कळतं हो. मायला कोण सांगणार होतं? कोऱ्या नाण्याचा फोटो टाकायला माझ्याकडं कोरी नाणीही आहेत. मुद्दाम हेच टाकलं.

बहिणीच्या लग्नाच्या वर्षी पैशाची ओढाताण झाली, तेव्हा बाबा हे नाणं घेऊन तालुक्याला एका सराफाकडं गेले. मी सोबत होतो. त्यानं कसोटीवर ओढलं, नाक मुरडलं, म्हणाला यात भेसळ फार, वितळवून हाती काही येत नाही, आणि असा भाव सांगितला की चहाचे पैसे निघतील. बाबांनी नाणं रुमालात बांधलं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘चांदी नाही म्हन्ते, अन् हातातून सोडतबी नाही.’ तेव्हा तुमचं हे वाक्य आमच्या घरानं फार पूर्वी ऐकलंय, नवीन काही नाही. बाबांनी अडचणीतही ते विकलं नाही. जे नाणं माणूस गरजेला विकत नाही ते खोटं कसं म्हणावं, हे जाणकारांनीच सांगावं.

‘भोळे खेडूत’ हा शब्द तर मला फारच लागला. आष्टी आमच्याच वर्धा जिल्ह्यातली. १६ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’च्या लढ्यात तिथं आणि तिकडं चिमूरला इंग्रजांविरुद्ध जे झालं ते खेड्यातल्या लोकांनीच केलं, कोण्या जाणकारांची वाट पाहिली नाही. स्वातंत्र्याच्या नाण्यावर बोलताना निदान तेवढं भान ठेवायचं होतं. आणि माझे वाचक भोळे नाहीत. कपाशीचा भाव मोबाईलवर पाहून मगच गाडी जुंपणारी माणसं आहेत.

एवढंच म्हणायचं असतं की चांदी किती टक्के ते लिहा, तर मी आनंदानं लिहिलं असतं. पण काहून बाप्पा इतका तोरा? सरळ बोललं की माणूस ऐकतो.

राहिलेल्या मुद्द्यांत, दर वगैरे, मी शिरत नाही. हौसेला मोल नसतं, घेणारा आपल्या खुशीनं घेतो, आणि मोडीच्या भावात कुणाला चांदी हवी असेल तर त्यानं सरळ सराफा गाठावा. कधी आर्वीला आलात तर घरी या, चहा घेऊ, चुंबकही दाखवतो.

आणि हो, विकायला ठेवलेल्यांपैकी १९९७ चे दोन्ही नग गेले. तुमच्या प्रतिक्रियेनंतर दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून सांगून ठेवतो. १९७२ चा एक आहे, कोरा. बाबांचा नव्हे.