आधी सुट्टी, मग परीक्षा

सुट्टी परीक्षा दिल्यावरच मिळते, या समजुतीवर आमच्या पिढीने आयुष्य काढलं. शेवटचा पेपर, एकमेकांच्या शर्टावर शाई, की मामाचं गाव. जर्मनीत सगळं उलटं. तिथलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, नाताळात दोनेक आठवडे कारभार बंद, जानेवारीत पुन्हा वर्ग आणि फेब्रुवारीत परीक्षा. आमची लेक एका सेमिस्टरपुरती तिकडे गेली आहे, आणि एवढी साधी गोष्ट समजावून सांगताना मी नागपुरातल्या अर्ध्या धरमपेठेपुढे हात टेकले आहेत.

“काऊन भाऊ, सुट्ट्या लागल्या ना तिकडे? मंग पोरगी नाही आली?”

“सुट्ट्या लागल्या, पण सेमिस्टर संपायचंय.”

“संपायचं हाय तं सुट्ट्या कायच्या?”

यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेजारच्या काकूंना मात्र होतं. त्या फाटकापाशी थांबून, आवाज खाली आणून “सांभाळा हो” एवढंच म्हणाल्या. काय सांभाळायचं, ते गुलदस्त्यात ठेवून भाजी आणायला गोकुळपेठेत निघून गेल्या.

खरा घोर निराळाच होता. नाताळात होस्टेल रिकामं होतं. जर्मन मुलं आपापल्या घरी जातात आणि मागे उरतात ती विमानाचं तिकीट न परवडणारी. शिवाय २४ डिसेंबरच्या दुपारीच दुकानांची शटरं खाली येतात, २५ आणि २६ दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, आणि रविवारी तर तिकडे एरवीही दुकानं बंद. हे सगळं लेकीने व्हिडिओ कॉलवर हसत हसत सांगितलं. ही तिची चूक.

“म्हणजे रात्री दूध संपलं तर?” हिने विचारलं.

“तर नाही मिळत, आई.”

फोन ठेवल्यावर हिने त्या देशाबद्दलचं मत एका वाक्यात दिलं. जिथे सकाळी सकाळी चौकात तर्री-पोहे मिळत नाहीत, तिथे माणसाने शिकायला जाऊच नये. मग कढई चढली. घरात चिवड्याचा खमंग वास, ओट्यावर सांबारवडीची, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबिरीच्या वडीची तयारी, डायनिंग टेबलावर संत्रा बर्फीचे डबे. सांबारवडी जर्मनीला पोहोचेपर्यंत टिकणार नाही हे मी सांगितल्यावर ती मलाच खायला लागली. या अख्ख्या प्रकरणातला तेवढाच फायद्याचा भाग.

कुरिअरचं ऑफिस सीताबर्डीला. डिसेंबरात खोकं घेऊन सीताबर्डीला जाणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. १९५३ च्या नागपूर कराराने विधिमंडळाचं वर्षातलं एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं, ते नेमकं आमच्या पार्सलच्या आठवड्यात चालू. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडवलेला, बॅरिकेड लागलेले, आणि मी स्कूटरवर पायांच्या मधोमध खोकं धरून उभा. एका हवालदाराने खोक्याकडे बघून विचारलं, “निवेदन आहे का?”

“चिवडा आहे.”

“मग इथं काय करून राहिले? तिकडून घ्या.”

‘तिकडून’ म्हणजे जवळपास अख्खं शहर फिरून आम्ही एकदाचे काउंटरवर पोहोचलो. ही आधीच रिक्षाने येऊन बसली होती. काउंटरवरचा पोरगा वयाने लहान, पण नियमाने पक्का.

“काकू, बर्फीत खवा आहे का?”

“संत्र्याची आहे.”

“पण खवा आहे ना?”

युरोपात बाहेरून खाजगी पार्सलमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. जनावरांचे रोग पसरतात म्हणे. खवा गेला, त्यामागोमाग तुपातले बेसनाचे लाडूही गेले. हिने मग पिशवीतून चार संत्री काढली. तीही नामंजूर. २०१९ च्या डिसेंबरपासून ताज्या फळांना रोगकीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो. त्यातून सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन नावाचं फणसासारखं काटेरी फळ, केळी आणि खजूर यांना.

“केळं चालतं आणि संत्रं नाही?” मी नागपूरकर म्हणून दुखावलो. जळगाव पास आणि नागपूर नापास! आमच्यावरचा अन्याय मुंबईपुरता आहे असं मी समजत होतो, तो थेट युरोपपर्यंत पोहोचलेला निघाला.

उरला चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत सावजी मसाला. वजन चार किलो. पोराने टेप काढून खोकं मोजलं, चाळीस बाय चाळीस बाय तीस, गुणाकार केला, पाच हजाराने भागलं आणि म्हणाला, “नऊ किलो सहाशे ग्रॅम.” हवाई पार्सलला वजन आणि आकारमान यातलं जे जास्त, त्याचे पैसे पडतात. चिवड्यातल्या हवेचं भाडं चिवड्याहून जास्त झालं.

मग फॉर्म. भेटवस्तू ४५ युरोच्या आत असली तर तिकडे जकात लागत नाही, म्हणून मी किंमत लिहिली ‘चिवडा, तीनशे रुपये’.

“तीनशे?” ही उभी राहिली. “सकाळपासून राबले मी. तीनशे?”

रांगेतल्या लोकांनीही माझ्याकडे बघितलं. सहाशे केले.

पार्सल फ्रँकफर्टला पोहोचलं आणि कस्टममध्ये अडकलं. लेकीला कागद घेऊन स्वतः सोडवायला जावं लागलं. तिथल्या साहेबाने खोकं तिच्याकडूनच उघडून घेतलं, सावजी मसाल्याची पुडी उजेडात धरली, नाकाशी नेली, आणि बाकी काही न तपासता नाताळच्या शुभेच्छा देऊन तिला वाटेला लावलं.

चोवीसच्या रात्री तिचा फोन आला. मजल्यावर उरलेली एक ब्राझीलची, एक व्हिएतनामचा आणि ही, अशा तिघांनी मिळून चिवडा संपवला होता.

“सगळा?” हिच्या चेहऱ्यावर अभिमान. मग लगेच, “आणि उद्या काय खाशील?”

“दूध, ब्रेड, अंडी भरून ठेवलीत गं आई. आता मला अभ्यास करू दे.”

फोन बंद झाला. ही माळ्यावरून दुसरं खोकं काढायला सांगत होती, परीक्षेच्या आधीचं. मी म्हटलं, निदान या वेळी नियम बघून ठरव.

“बघितलेत,” ती म्हणाली. “अहो, ते ड्युरियन आपल्या गोकुळपेठेत मिळतं का हो?”