छापखान्याचा उंबरठा : 'कोश आणि मासिक' या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चार दिवसांपूर्वीच वाचली, पण लगेच उत्तर दिलं असतं तर नको ते लिहून बसले असते म्हणून थांबले. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ज्ञानकोश ही पिढ्यान्‌पिढ्या जपायची गोष्ट आणि मासिक वाचून रद्दीत टाकायची, दोघांना एका माळेत ओवणं उथळपणा आहे. चेंबर्सबद्दल चूक आहे. लेख लांबलाय तरी जर्मन कोशांचा पत्ता नाही. सगळं कंप्युटरच्या पडद्यावरून उतरवलेलं आहे. आणि शेवटी हे वाक्य : "लेखिकेने छापखान्याचा उंबरठा तरी ओलांडलाय का?"

चेंबर्सचं आधी मिटवते. १७२८ साली लंडनला दोन खंडांचा 'सायक्लोपीडिया' हा ज्ञानकोश काढणारा इफ्राइम चेंबर्स वेगळा आणि शंभरेक वर्षांनी एडिनबरोत साप्ताहिक सुरू करणारे विल्यम आणि रॉबर्ट चेंबर्स हे भाऊ वेगळे, त्यांचं एकमेकांशी नातं नाही. मी त्यांना एकाच घराण्यातलं म्हटलं होतं. चूक माझी, वाक्य दुरुस्त केलंय. पण चाळीस परिच्छेदांच्या लेखातलं एक वाक्य चुकलं म्हणून अख्खा लेख "पडद्यावरून उतरवलेला" ठरवायचा, ही कुठली रीत?

आता उंबरठा. मी १९व्या वर्षी एका छापखान्यात मुद्रितं (छपाईआधीची प्रुफं) तपासायला लागले, तेव्हा खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, हातानेच जुळवले जायचे. आधी तीन वर्षं एका साप्ताहिकाची मुद्रितं वाचली आणि मग सहा वर्षं एका बहुखंडी कोशाची, तीही त्याच छापखान्यात, त्याच जुळाऱ्यांच्या हाताखालून आलेली. त्यामुळे मला हा प्रश्न विचारलेला लागला. तुम्ही मला ओळखत नाही हे मान्य, पण ओळखत नाही म्हणूनच माणसानं असं लिहू नये ना.

आणि तिथेच मला कळलं की साप्ताहिक आणि कोश छापण्यात तुम्ही म्हणता तेवढा फरक नाही. खिळे मोजके असतात. हजार पानांचा मजकूर एकदम जुळवून ठेवायला कुणाकडेच तेवढे खिळे नसायचे, मग एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवून परत खणात टाकायचे आणि पुढचा फर्मा घ्यायचा. छापलेल्या फर्म्यात पैसा अडकून पडतो, कागदवाला थांबत नाही, म्हणून जेवढं छापलं तेवढं विकायचं आणि त्या पैशातून पुढचं छापायचं. हे गणित कोशाचंही आणि नियतकालिकाचंही. माझ्याकडे एक वही असायची, "पाहा अमुक" असं ज्या नोंदींत लिहिलंय पण ती अमुक नोंद अजून लिहूनच झालेली नाही अशा सगळ्यांची यादी. पुढच्या खंडात ती नोंद आलीच नाही तर मागचा खंड आधीच लोकांच्या घरी गेलेला, काही करता यायचं नाही. अशा कितीतरी नोंदी राहिल्या आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

हाच प्रकार 'ब्रिटानिका' या इंग्रजी ज्ञानकोशाच्या पहिल्या आवृत्तीत दिसतो. अँड्र्यू बेल हा नक्षीकार, कॉलिन मॅकफारकर हा मुद्रक, आणि संपादक विल्यम स्मेली. डिसेंबर १७६८ पासून एडिनबरोत दर आठवड्याला एक भाग, किंमत सहा पेन्स, असे १०० भाग, आणि १७७१ मध्ये तीन खंड पूर्ण. आता ते तीन खंड बघा, पहिला अख्खा खंड फक्त ए आणि बी या दोन अक्षरांत संपतो, दुसरा सी ते एल, आणि एम पासून झेड पर्यंतचं सगळं तिसऱ्यात कोंबलंय. आधी सगळं लिहून मग छापलं असतं तर असं झालं असतं का? आठवड्याचा भाग आठवड्याला गेलाच पाहिजे या धावपळीच्या खुणा आहेत त्या. आणि हाच स्मेली १७७३ मध्ये एका मासिकाचा संपादक झाला.

फ्रान्समध्ये दिदरोनं संपादित केलेल्या कोशालाही आधी वर्गणीदार मिळवले होते, दहा खंड देऊ म्हणून सांगितलं आणि १७५१ पासून १७७२ पर्यंत मजकुराचे १७ आणि चित्रांचे ११ असे २८ खंड गेले, मध्ये १७५९ साली छपाईचा सरकारी परवानाच रद्द झाला. पुढे त्या कोशाचे हक्क घेणारा प्रकाशक पांकुक हा तर १७७८ मध्ये 'मर्क्यूर द फ्रान्स' या नियतकालिकाचा मालक झाला आणि १७८२ पासून विषयवार नवा कोश काढायला लागला. एकच माणूस, दोन्ही धंदे.

आणि ज्या चेंबर्स बंधूंवरून तुम्ही मला धरलंत, त्यांचं साप्ताहिक १८३२ चं आणि कोश १८५९ ते १८६८ मध्ये ५२० साप्ताहिक भागांत आलेला! म्हणजे दहा वर्षं दर आठवड्याला कोशाचा एक अंक. वाचकानं ते भाग जपून ठेवले, बांधून घेतले की तो कोश, आणि नाही ठेवले तर तीच रद्दी. 'पेनी मॅगझिन' १८३२ चं, 'पेनी सायक्लोपीडिया' १८३३ चा, दोन्हींचा प्रकाशक चार्ल्स नाइट. एकदा चुकले म्हणून हे पण चुकीचं ठरत नाही.

शब्दच घ्या ना. एडवर्ड केव्हनं १७३१ मध्ये 'जंटलमन्स मॅगझिन' काढलं तेव्हा नियतकालिकाला हा शब्द पहिल्यांदा लागला, अर्थ कोठार, मूळ अरबी. दारूगोळ्याच्या कोठाराला आपण अजून मॅगझिनच म्हणतो. आणि कोश म्हणजे भांडार. म्हणजे नावापासूनच एक आहेत हे दोघं, मी जबरदस्तीनं एका माळेत ओवलेले नाहीत.

जर्मन कोश हा वेगळा आणि मोठा विषय आहे, झेडलर या प्रकाशकाच्या एका कोशाचेच ६४ खंड आहेत, एका लेखात सगळं येत नाही. लेख लांबला म्हणता आणि हेही हवं म्हणता, दोन्ही कसं जमणार? बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही नाही.

तुम्ही "एक वाचक" अशी सही केलीत. मी नावानं लिहिते, चुकले तर नावानं मान्य करते. यापुढे लिहाल ते नावानं लिहा, मी वाचेन. उंबरठ्याचं वाक्य मात्र तुम्ही मागे घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.