सोबत पत्रक जोडले आहे

चोपडा तालुक्यातील ज्या केळी सोसायटीत मी लेखनिक आहे, तेथे दिवस सूर्यामुळे मावळतो की दैनिक भरती पत्रकामुळे, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सकाळी बागेत कापणी होते, दुपारी गाडीत मालाची भरती होते, संध्याकाळी ताडपत्री आवळून गाडी दिल्ली-पंजाबच्या दिशेने निघते आणि मग सगळ्यांची कामे संपल्यावर माझे सुरू होते. शेतकऱ्याचे नाव, गाव, माल नवती (नव्या लागवडीचा) की पीलबाग (पिलांवर वाढवलेल्या बागेचा) की वापसी (हलक्या प्रतीचा), घडांची संख्या, वजन, भाव, फरक, गाडी क्रमांक आणि सर्वांत शेवटी ‘शेरा’, असे रकाने असलेले ते पत्रक संगणकावर भरायचे आणि ईमेलला जोडून तिघांना पाठवायचे: मुख्य कार्यालयाला, आमच्या अध्यक्षांना, म्हणजे आबांना, आणि भरतीवर देखरेख करणाऱ्या नानांना. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून कागद नसलेले केळ हे केळच नव्हे, असा मुख्य कार्यालयाचा पक्का समज झालेला आहे.

काम पाच मिनिटांचे होते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांवर टेकतो, कूलरमधले पाणी दुपारीच संपते आणि संध्याकाळपर्यंत माणसाच्या डोक्याचा पार तवा होतो. अशा अवस्थेत मी एका आठवड्यात चार वेळा ‘सोबत आजचे पत्रक जोडले आहे’ असे लिहिले आणि सोबत काहीही जोडले नाही. पाचव्या वेळी आठवणीने जोडले, ती पुतणीच्या साखरपुड्याची पत्रिका निघाली. त्यावर मुख्य कार्यालयातील ताईंचे उत्तर आले: ‘आजची भरती समजली नाही, तथापि साखरपुड्यास अवश्य येऊ.’ त्या खरोखरच आल्या आणि जेवताना त्यांनी पत्रकाची आठवण करून दिली.

त्याच साखरपुड्यात माझ्या भाच्याने हे प्रकरण ऐकले. तो पुण्यात संगणकाचे शिक्षण घेतो. ‘मामा, असलं काम माणसानं करायचंच नसतं,’ असे तो म्हणाला, ‘पत्रक पूर्ण भरलं की ईमेल आपोआप जाईल. पाच मिनिटांत करून देतो.’ हायवेवरच्या ढाब्यावर शेवभाजी पाच मिनिटांत येते असे सांगतात, तेव्हा खानदेशातला माणूस निवांत पाय पसरून बसतो, हे खरे तर मला तेथेच आठवायला हवे होते.

पहिला प्रयोग एक्सेलमधील मॅक्रोचा, म्हणजे फाइलमध्येच लिहून ठेवलेल्या, आपोआप चालणाऱ्या आज्ञांचा झाला आणि तो फार टिकला नाही. भाच्याने फाइल ईमेलने पाठवली. ती उघडताच वरती लाल पट्टी आली आणि ‘या फाइलचा स्रोत विश्वासार्ह नसल्यामुळे मॅक्रो अडवले आहेत’ अशा अर्थाचा मजकूर दिसला. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधील मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपणहून अडवण्यास सुरुवात केली, हे मला नंतर समजले. त्या क्षणी मात्र माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला कोणीतरी परक्याने अविश्वासू म्हटल्याचा मला राग आला. फाइलच्या गुणधर्मांत जाऊन तो अडसर काढला, तर मॅक्रोला आउटलुक हा मायक्रोसॉफ्टचा ईमेलचा प्रोग्राम हवा होता आणि आमच्या संगणकावर तो नव्हताच. त्यानंतर फाइल बंद करताना एक्सेलने इंग्रजीत एक लांबलचक प्रश्न विचारला. इंग्रजी प्रश्नाला ‘यस’ म्हणण्याची माझी जुनी सवय आहे. फाइल साध्या प्रकारात जतन झाली आणि भाच्याने लिहिलेले सगळे मॅक्रो त्यातून गळून गेले.

मग आम्ही गूगलच्या स्प्रेडशीटकडे वळलो. भाच्याने फोनवरून सांगितले तसतसे मी स्क्रिप्टच्या, म्हणजे स्प्रेडशीटला आज्ञा लिहून देण्याच्या, खिडकीत चौदा ओळी चिकटवल्या आणि चालवण्याचे बटण दाबले. समोर इशारा आला की हे अ‍ॅप गूगलने पडताळलेले नाही, ते तुमच्या खात्यातील खाजगी माहिती मागत आहे आणि ते बनवणाऱ्या व्यक्तीवर तुमचा विश्वास असल्याखेरीज पुढे जाऊ नका. बनवणाऱ्या व्यक्तीचा ईमेल पत्ताही खाली दिला होता. तो माझाच होता.

मी बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिलो. या माणसाला मी पन्नास वर्षे ओळखतो. त्याने आठवड्यातून चार वेळा रिकामे ईमेल पाठवलेले आहेत, गॅस बंद केला का हे पाहण्यासाठी तो बस स्टँडवरून घरी परत आलेला आहे, आणि अडचणीत सापडल्यावर तो इंग्रजी प्रश्नांना ‘यस’ म्हणतो, हेही मला ठाऊक आहे. अशा माणसावर विश्वास ठेवावा का, हा प्रश्न गूगलने अगदी योग्य ठिकाणी विचारला होता. पुढे जाण्याच्या दुव्यासमोर ‘असुरक्षित’ असेही लिहिलेले होते. तरी मी गेलो. नात्यागोत्यात माणूस असेच फसतो.

ईमेल केव्हा जावा हे ठरवण्यासाठी एक ट्रिगर लावायचा असतो. भाच्याने ‘पत्रकात बदल झाल्यावर’ हा पर्याय निवडायला लावला आणि तो परीक्षेला निघून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पहिल्या शेतकऱ्याचे नाव लिहून एंटर दाबले आणि ‘सोबत आजचे पूर्ण भरलेले पत्रक जोडले आहे, मी स्वतः तपासले आहे’ हा मजकूर एका नावासह तिघांकडे रवाना झाला. मी गावाच्या रकान्यात ‘अडावद’ लिहिले, दुसरा ईमेल गेला. ‘नवती’ लिहिले, तिसरा गेला. मला यातले काहीही माहीत नव्हते. मी आपला प्रत्येक रकाना नेहमीपेक्षा अधिक काळजीने भरत होतो, कारण यंत्र पाहत आहे अशी माझी भावना होती. वजनाच्या रकान्यात १४५ क्विंटलऐवजी १४५० पडले, ते मी ताबडतोब दुरुस्त केले. दोन्ही आकडे पोहोचले. मधल्या अर्ध्या मिनिटात १३०५ क्विंटल केळी कोठे गेली, याचा खुलासा मुख्य कार्यालयाने दुसऱ्या दिवशी लेखी मागितला.

अकराव्या की बाराव्या ईमेलला नानांचा फोन आला. ‘हाई काय शे, भाऊ? मना मोबाईल येडा व्हई गया का?’ असे ते ओरडत होते आणि मागे हमालांचा आवाज येत होता. मोबाइल बंद करून पुन्हा चालू करा, असा सल्ला मी त्यांना दिला आणि पत्रक भरत राहिलो. मोबाइल बंद करण्याचा सल्ला देणाऱ्याने स्वतःचे काही बंद करायचे असते, हे त्या वेळी सुचले नाही.

गूगलच्या साध्या, फुकट खात्यातून स्क्रिप्टने एका दिवसात १०० जणांनाच ईमेल पाठवता येतो. आमचा प्रत्येक ईमेल तिघांना जात होता, त्यामुळे ३३ ईमेल होताच मर्यादा संपत आली आणि चौतिसावा अडला. अडला तेव्हा माझे पत्रक अर्ध्यावर होते. मी ते नीट पूर्ण केले, दोनदा तपासले आणि समाधानाने घरी जाऊन कळण्याची भाकरी व ठेचा खाल्ला. त्या दिवशी अर्धवट पत्रके ३३ गेली आणि पूर्ण भरलेले एकही गेले नाही.

परीक्षा संपल्यावर भाच्याने जो प्रश्न विचारला, त्याने मात्र माझी झोप उडवली. ‘मामा, पत्रक पूर्ण झालं हे यंत्राला कळणार कसं? तुम्हाला कसं कळतं?’ मी विचार करू लागलो. मला ते कळत नव्हतेच. खुर्चीवरून उठावेसे वाटले की मी पत्रक पूर्ण झाले असे समजत आलो होतो. एकही रकाना रिकामा नसला म्हणजे पूर्ण, अशी व्याख्या आम्ही केली, पण ज्या दिवशी माल चांगला असतो त्या दिवशी वापसीचा रकाना रिकामाच राहतो, आणि शेऱ्याचा रकाना तर गाडी पंक्चर झाल्याशिवाय कोणी भरत नाही. त्यावर मी तोडगा सुचवला की रिकाम्या जागी ‘निरंक’ लिहावे. सरकारी कागदांवर पोसलेल्या पिढीचा या शब्दावर फार जीव आहे. काहीही नाही हे इतक्या भारदस्तपणे सांगणारा दुसरा शब्द मराठीत नसेल. परंतु एकूण घडांच्या रकान्यात भाच्याने अधिकची चिन्हे टाकून बेरीज केली होती, आणि नवतीचे घड अधिक निरंक म्हणजे किती, हे स्प्रेडशीटला सांगता येईना. तिने एकूणच्या जागी एररचा शिक्का उमटवला. आबांनी मला बोलावून विचारले, ‘ही एरर नावाची जात कोणाच्या बागेतली?’

मी जेवायला गेलो की कधी कधी नाना पत्रक भरतात. त्यांनी निरंक लिहिण्याचा कंटाळा करून प्रत्येक रिकाम्या रकान्यात नुसती स्पेस दाबली. डोळ्यांना रकाना रिकामा दिसतो, यंत्राच्या लेखी तो भरलेला असतो. अशा रीतीने एके दुपारी नुसत्या स्पेसनी काठोकाठ भरलेले पत्रक ‘पूर्ण’ ठरून सन्मानाने मुख्य कार्यालयात पोहोचले.

शेवटी भाच्याने कोपऱ्यात एक चौकोन केला: पत्रक झाले की त्यात खूण करायची, खूण केली की ईमेल जाईल. उपाय उत्तम होता. पूर्वी मी पत्रक जोडायला विसरत होतो, आता खूण करायला विसरू लागलो. त्यामुळे चौकोनही गेला आणि दररोज संध्याकाळी ६ ते ७ च्या दरम्यान पत्रक जसे असेल तसे पाठवून देणारा ट्रिगर आला. त्या तासातला नेमका मिनिट गूगल स्वतः निवडते. आमच्या वाट्याला ६ वाजून ४३ मिनिटे आली. तेव्हापासून साडेसहानंतर आमच्या कार्यालयात मला कोणी हाक मारत नाही.

मागच्या महिन्यात धुळ्याला लग्न होते म्हणून मी एक दिवसाची किरकोळ रजा घेतली. पंगतीत दुसऱ्यांदा वरण वाढले जात असताना ६ वाजून ४३ मिनिटे झाली आणि घास हातात तसाच राहिला, कारण पत्रक कोरे होते आणि ते माझ्या नावाने निघाले होते. योगायोगाने त्या दिवशी गाडीच आली नव्हती. भरती झाली नव्हती. कोरे पत्रक अक्षरशः खरे होते. ताईंचे उत्तर मोबाइलवर आले, ‘आजचे पत्रक वेळेवर व बिनचूक. धन्यवाद.’ इतक्या वर्षांत असे उत्तर मला प्रथमच आले होते.

दुसऱ्या दिवशी माझा रजेचा अर्ज आबांच्या टेबलावरून परत आला. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते: ‘सदर दिवशी अर्जदाराने सायं. ६.४३ वाजता पत्रक स्वतः तपासून पाठवल्याचे दिसून येते. सबब रजा नामंजूर, हजेरी लावावी. शेरा: निरंक.’