टोंकिनच्या आधीची चौदा वर्षं

व्हिएतनामचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. अमेरिकेला त्या युद्धात पडायचंच नव्हतं, तिथे तिचे फक्त सल्लागार होते. ऑगस्ट १९६४मध्ये उत्तर व्हिएतनामलगतच्या टोंकिनच्या आखातात तिच्या युद्धनौकांवर दोनदा हल्ला झाला म्हणून नाइलाजाने उतरावं लागलं. आणि पुढाऱ्यांनी लष्कराचे हात बांधले नसते तर ती जिंकलीच असती.

पडायचं नव्हतं? व्हिएतनाममध्ये कम्युनिस्टांशी लढणाऱ्या फ्रेंचांना अमेरिकेच्या ट्रुमन सरकारने १९५०पासूनच पैसा आणि शस्त्रं पुरवली. १९५४पर्यंत त्या लढाईचा तीन चतुर्थांशाहून अधिक खर्च वॉशिंग्टन उचलत होतं. फ्रेंच हरले, जीनिव्हात करार झाला, देश तात्पुरता उत्तर-दक्षिण विभागला गेला आणि १९५६मध्ये देशभर निवडणुका घ्यायचं ठरलं. दक्षिणेचे सत्ताधारी न्गो दिन्ह दिएम यांनी त्या होऊ दिल्या नाहीत आणि अमेरिकेने त्यांची पाठराखण केली. (करारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, ही टाळाटाळ दिल्लीने जवळून पाहिली.)

‘फक्त सल्लागार’ हा तर फारच सोज्वळ शब्द. केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा हे सल्लागार हजाराच्या आत होते, १९६३अखेर सोळा हजारांवर गेले. जंगलांवर पानं झडवणारी रसायनं फवारणं जानेवारी १९६२पासूनच सुरू होतं. वर्षभराने दक्षिणेतल्या आप बाक इथल्या लढाईत पाच अमेरिकी हेलिकॉप्टरं गेली, तीन अमेरिकी मेले. असला सल्ला कोण देतं?

आता टोंकिन. २ ऑगस्टचा हल्ला खरा आहे. उत्तर व्हिएतनामच्या तीन टॉर्पेडो बोटी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकी युद्धनौकेवर चालून आल्या. पण ३०-३१ जुलैच्या रात्री अमेरिकेनेच आखलेल्या गुप्त मोहिमेत दक्षिणेच्या बोटींनी उत्तरेच्या दोन बेटांवर मारा केला होता, हे त्या मजकुरात कधीच नसतं. ४ ऑगस्टचा दुसरा हल्ला तर झालाच नाही. अंधार, खवळलेला समुद्र आणि पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या ‘सोनार’ यंत्रावरचे भलतेच आवाज. नौकांवरचे प्रमुख कॅप्टन हेरिक यांनी त्याच दिवशी शंका कळवली. अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थेच्या इतिहासकाराचा हाच निष्कर्ष २००५मध्ये खुला झाला. तरी ७ ऑगस्टला अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक दिली: प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. अशा ठरावाचे मसुदे मे महिन्यापासूनच तयार होत होते.

हात बांधल्याचं म्हणाल, तर दुसऱ्या महायुद्धात टाकले त्याच्या तिपटीहून जास्त बॉम्ब अमेरिकेने इंडोचायनावर, म्हणजे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर टाकले. १९६९मध्ये तिथे तिचे पाच लाख चाळीस हजारांवर सैनिक होते. उत्तरेत पायदळ घुसवलं नाही, एवढं खरं. पण १९५०मध्ये कोरियात चीनच्या सीमेवरच्या यालू नदीकडे अमेरिकी फौजा सरकल्यावर चीन कसा अंगावर आला, हे तेव्हा कोणी विसरलेलं नव्हतं. त्याला हात बांधणं म्हणायचं की शहाणपण?

आणि नाइलाजाबद्दल खुद्द जॉन्सन यांनाच ऐकावं. ते स्वतःचे फोन ध्वनिमुद्रित करत. २७ मे १९६४ला ते सल्लागार मॅकजॉर्ज बंडी यांना सांगतात, की हे लढण्याच्या लायकीचं वाटत नाही आणि बाहेरही पडता येईलसं वाटत नाही. टोंकिनला तेव्हा दोन महिन्यांहून जास्त अवकाश होता.